कॉपरबँड घरी आणायचाय? आधी त्याला खाताना बघा

नाशकात सॉल्टवॉटर टँक ठेवणारी मंडळी तशी मोजकीच, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा कधी ना कधी बटरफ्लायफिशवर (कॉपरबँड ही त्यातलीच एक जात) जीव जडतो आणि बहुतेकांचा पहिला मासा मरतो. माझा १९ दिवसांत गेला. पाणी टेस्ट केलं तर सगळं ठीक, अमोनिया शून्य, सॅलिनिटी बरोबर, टेंपरेचर बरोबर, आणि मासा मात्र रोज थोडा थोडा बारीक होत चाललेला, शेवटी शेवटी तर समोरून बघितला की पोस्टकार्ड पाण्यात उभं धरल्यासारखा दिसायचा. उपाशी मेला तो. मी दिवसातून तीनदा खायला टाकत होतो, पण ते त्याच्या लेखी खाणंच नव्हतं.

त्यामुळे इथे लाईट कुठली, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठला यावर मी फार बोलणार नाहीये. ते सगळं लागतंच, पण बटरफ्लायचं घोडं तिथे अडत नाही, ते अडतं तोंडाशी. मासा निवडण्यापासून ते मेन टँकमध्ये सोडेपर्यंत प्रत्येक पायरीला एकच विचारायचं, हा काय खातो आणि माझ्याकडे खाणार का.

पहिलं काम, कुठला मासा हे ठरवा

बटरफ्लायच्या साधारण १३० जाती आहेत आणि दुकानात सगळेच सुंदर दिसतात, तिथेच माणूस फसतो. रंगाकडे बघूच नका, जात विचारा. शेवरॉन, ऑर्नेट, मेयर्स, बॅरोनेस, मेलन, एट-बँडेड, हे जिवंत कोरलच्या म्हणजे प्रवाळाच्या पॉलिपवर (प्रवाळ ज्यांचं बनतं त्या बारीक जिवांवर) जगणारे मासे. शेवरॉन तर इतका हट्टी की टेबलासारख्या पसरणाऱ्या ॲक्रोपोराच्या वसाहतीवरच घर करून बसतो आणि तेच खातो. म्हणजे तुमच्या रीफ टँकमध्ये (जिवंत कोरल असलेल्या टँकमध्ये) टाकला तर तुमचे कोरल संपवणार आणि कोरल नसलेल्या टँकमध्ये टाकला तर स्वतः संपणार. स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, फुकट मिळाला तरी नको.

दुसरा गट मधला. ऑरिगा, रकून, आणि आपल्या भारताच्या समुद्रात सापडणारा कोलारे. हे दणकट आहेत, फ्रोझन खायला लवकर शिकतात, पण समोर कोरल दिसलं की चोच मारल्याशिवाय राहत नाहीत. फक्त मासे आणि दगड असलेला टँक असेल तर ऑरिगापासून सुरुवात करा, मी तर म्हणेन बटरफ्लाय पहिल्यांदाच ठेवताय तर हाच रस्ता शहाणपणाचा, पण ऐकतंय कोण, सगळ्यांना रीफच पाहिजे असतो.

मग रीफसाठी उरतात चार. कॉपरबँड, यलो लाँगनोज, पिरॅमिड आणि स्कूलिंग बॅनरफिश. पिरॅमिड आणि स्कूलिंग बॅनर हे पाण्यात तरंगणारं प्लँक्टन टिपणारे, म्हणून कोरलच्या दृष्टीने सगळ्यात सेफ आणि खायलाही सोपे, फक्त ते घोळक्याने राहणारे आहेत, एकटा आणला तर कोपऱ्यात बसून राहतो, आणि तिघा-चौघांना टँक मोठा लागतो, ७०० लिटरच्या खाली मी नाही म्हणेन. बॅनरफिशमध्ये अजून एक गोची आहे. हेनिओकस डिफ्र्यूटस म्हणजे स्कूलिंगवाला आणि हेनिओकस अक्युमिनाटस म्हणजे साधा बॅनर, दोघं दिसायला जुळे भाऊ, पण साधावाला कोरल कुरतडतो. ओळखायचं कसं तर स्कूलिंगचं तोंड आखूड असतं, छाती पुढे आलेली गोलसर, आणि पाठीच्या पंखात काटे सहसा १२, साध्याचे सहसा ११. काटे दुकानात उभं राहून मोजता येत नाहीत, मोबाईलवर फोटो काढा आणि झूम करून मोजा. दुकानदार दोघांनाही "हेनिओकस" एवढंच म्हणतो.

राहिला कॉपरबँड. चेल्मन रोस्ट्राटस. पांढऱ्या अंगावर तांबूस-केशरी पट्टे, मागे पाठीच्या पंखावर खोटा डोळा, आणि पुढे चिमट्यासारखं लांब तोंड. हे तोंड खडकांच्या भेगांतून किडे आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव ओढून काढायला बनलंय, पाण्यात तरंगणारी पेलेट गिळायला नाही, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं. मोठा झाला की २० सेंटिमीटरपर्यंत जातो. कोरलला बहुतेक कॉपरबँड हात लावत नाहीत, पण फेदर डस्टर वर्म (पिसांसारखा तुरा असलेले नळीतले किडे) असतील तर ते संपले समजा, आणि जायंट क्लॅम किंवा मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या) कोरलला टोचणारे पण निघतात.

बहुतेक लोक कॉपरबँड आणतात तो ऐप्टेशिया (टँकमध्ये तणासारखं माजणारं छोटं समुद्रफूल) खायला. तो खातो की नाही हे नशिबावर. एखादा आठवड्यात टँक साफ करतो, एखादा समोर बसून बघतही नाही, माझ्या आत्ताच्या माशाने पहिले चार महिने एकाही ऐप्टेशियाला शिवलं नाही आणि मग एका रविवारी काय झालं कोण जाणे, सगळे संपवले. नुसत्या ऐप्टेशियासाठी मासा आणू नका, त्याला पेपरमिंट श्रिंप आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साईडची पेस्ट सिरिंजने सोडायची पद्धत आहे.

टँक

कॉपरबँड किंवा लाँगनोज एकच ठेवायचा असेल तर ४०० लिटर ही खालची मर्यादा धरा आणि लांबी निदान ४ फूट, ५ असेल तर उत्तम. माझा ५ बाय २ बाय २ फुटांचा आहे, कागदावर ५६६ लिटर होतात. काच, दगड, स्टँड धरून पाऊण टनाच्या आसपास वजन जातं, तेव्हा फ्लॅटमध्ये असाल तर भिंतीलगत, बीमच्या जवळ, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये इंजिनियरला विचारून. गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटमधली फ्लोरिंग चकचकीत असते पण लेव्हल नसते, लेव्हल बघूनच स्टँड लावा.

टँक निदान ६ महिने चाललेला हवा. हे नियम म्हणून सांगत नाही, कारण साधं आहे, सहा महिन्यांत दगडांत किडे, कोपेपॉड, ॲम्फिपॉड तयार होतात, आणि कॉपरबँड दिवसभर तेच टिपत फिरतो, तुमच्या तीन जेवणांच्या मधला त्याचा चिवडा-चकली तो. चकचकीत नवा पांढरा दगड म्हणजे त्याच्यासाठी रिकामं ताट. दगड रचताना भिंत बांधू नका, गुहा आणि आरपार फटी ठेवा, रात्री तो तिथेच आत शिरून झोपतो. आणि लाईव्ह रॉक म्हणून कोणी आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळाचे दगड देत असेल तर सरळ नाही म्हणा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या रांगेत. ड्राय रॉक घ्या, बॅक्टेरियाची बाटली ओता, वाट बघा.

पाण्याचे आकडे थोडक्यात. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५, टेंपरेचर २५-२६, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, कॅल्शियम ४२० च्या आसपास, मॅग्नेशियम १३०० ते १३५०, अमोनिया-नायट्राईट शून्य. नायट्रेट ५ ते १५ मध्ये असलं तरी रीफला चालतं, आणि बटरफ्लाय ठेवणार असाल तर शून्याच्या मागे लागूच नका कारण तुम्ही इतकं खायला घालणार आहात की ते शून्य राहणारच नाही. स्किमर टँकच्या साईजपेक्षा एक नंबर मोठा घ्या, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) शेवाळाचा एक कप्पा ठेवा, झालं.

किचनमधला आरओ चालत नाही

हे वेगळं लिहितोय कारण नवीन लोकांपैकी निम्मे इथे चुकतात. घरातल्या पिण्याच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत आरओच्या पाण्यात मिसळतो, शिवाय शेवटी मिनरलची कार्ट्रिज. म्हणजे आपण मेहनतीने काढलेला कचरा परत आत. टँकला आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लागतं आणि मीटरवर टीडीएस शून्य यायला पाहिजे. १ किंवा २ दिसायला लागला की रेझिन बदला. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी मिसळून येतं, तिथे रेझिन लवकर संपतं, त्यामुळे आधी मेंब्रेन चांगला घ्या. मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम पडतं, म्हणजे आठवड्याला ५० लिटर बदलायचे तर पावणेदोन ते दोन किलो. आदल्या रात्री बादलीत पंप टाकून फिरवत ठेवा, सकाळी मोजून घाला.

नाशिकचा उन्हाळा, नाशिकची थंडी

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि जानेवारीत पहाटे दहाच्या खाली जातो. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशाला जास्त लागतो, म्हणून ३० च्या वर गेलेला टँक म्हणजे दोन्हीकडून मार. चांगली गोष्ट एवढीच की आपला उन्हाळा कोरडा आहे. पाण्यावर तिरके दोन छोटे पंखे लावले तर बाष्पीभवनाने २-३ डिग्री आरामात उतरतात, मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही. पण मग पाणी उडतं बरं का, माझ्याकडे मेमध्ये दिवसाला ८-९ लिटर. वर घालायचं ते साधं आरओ-डीआयचं पाणी, मीठ उडत नाही, त्यामुळे खारं घातलंत तर सॅलिनिटी चढत जाते. ऑटो टॉप-ऑफ बसवूनच टाका. खोली पश्चिमेची असेल तर मात्र पंखे पुरत नाहीत, चिलर घ्यावा लागतो.

थंडीसाठी एक मोठा हीटर न घेता दोन छोटे घ्या. एक बंद पडला तर दुसरा तग धरतो, आणि एक चालू राहून अडकला तरी तो एकटा टँक उकळू शकत नाही. लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे, वळवाच्या पावसात झाड पडलं की चार तास कुठे गेले कळत नाही. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) टाका, हीटर टाकू नका.

खरेदी, म्हणजे मुंबईची एक चक्कर

चांगला कॉपरबँड नाशकात क्वचित दिसतो, त्यामुळे आपण क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांत जातोच. मे महिन्यात जाऊ नका. दुकानात गेल्या गेल्या मासा मागू नका, दहा मिनिटं नुसते लांब उभे राहा. तो दगड टिपतोय का, इकडे तिकडे डोकावतोय का, की पंपाच्या मागे तोंड खाली करून उभा आहे? श्वास फार जोरात चालू नसावा. मग जवळून बघा, चिमट्याचं टोक लाल किंवा तुटलेलं नाही ना, नेटमध्ये पकडताना तोंड दुखावलं तर तो खाऊच शकत नाही. समोरून बघा, डोळ्यांच्या वर कपाळ आणि पोट आत गेलेलं असेल तर सोडून द्या. अंगठ्याएवढं पिल्लू पण नको आणि हाताएवढा म्हातारा पण नको, ८ ते १० सेंटिमीटरचा बघा.

आणि मग म्हणायचं, भाऊ याला माझ्यासमोर खायला टाका.

इथे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, "आत्ताच खाल्लंय साहेब, पोट भरलंय त्याचं." माझ्या पहिल्या माशाच्या वेळी मी हे ऐकून मान डोलवली होती. बटरफ्लाय दिवसभर थोडं थोडं टिपणारा मासा आहे, त्याचं पोट असं भरून बसत नाही, समोर मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) आली तर तो निदान वळून बघेल. नाहीच खाल्लं तर ॲडव्हान्स देऊन मासा तिथेच ठेवा आणि ८-१० दिवसांनी परत विचारा, व्हिडिओ मागवा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही, जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. कुठून आलाय तेही विचारा. फिलिपिन्स-इंडोनेशिया भागात सायनाईड फवारून मासे पकडण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय, असा मासा कधी कधी खातो आणि तरी खंगत जातो, तर ऑस्ट्रेलियातून आलेल्या कॉपरबँडला हॉबीत जास्त मान आहे, अर्थात किंमतही तशीच.

पॅकिंग डबल पिशवीत, एकतृतीयांश पाणी आणि बाकी ऑक्सिजन, बाहेरून पेपर गुंडाळून अंधार, आणि थर्माकोलचा डबा. मी गाडीने जायचं सोडलंय, कसारा घाटात एकदा तीन तास अडकलो तेव्हापासून संध्याकाळच्या पंचवटीने येतो, डबा मांडीवर. पासवाले काका विचारतात काय आणलं, मासे म्हटलं की पुढचा प्रश्न पापलेट का सुरमई.

डबा उघडल्यावर

तासन् तास ड्रिप करत बसायची सवय सोडा. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात माशाची घाण साठते, पण त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड साठल्यामुळे पीएच उतरलेला असतो आणि त्यात अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडणं म्हणजे माशाला हळूहळू त्याच विषात उकडणं. उपाय सोपा. दुकानातली सॅलिनिटी आधीच विचारून घ्या, बरेच लोक ती १.०१८-१.०२० वर ठेवतात, आणि आपला क्वारंटाईन टँक तेवढ्यावरच तयार ठेवा. बंद पिशवी २०-२५ मिनिटं तरंगत ठेवली की टेंपरेचर जुळतं, मग उघडा आणि मासा उचलून आत, पिशवीतलं पाणी बाहेर. नंतर रोज १.०१८ वरून १.०१९, १.०२० असं हळूहळू वर न्या.

क्वारंटाईन आणि खाण्याची शाळा

आता खरं काम. १०० लिटरचा साधा काचेचा टँक, महिनाभर सम्पमध्ये मुरवलेला स्पंज फिल्टर, हीटर, हार्डवेअरच्या दुकानातले ३ इंची पीव्हीसी एल्बो लपायला, तीन बाजूंनी काळा कागद. चार ते सहा आठवडे मासा इथे. काही अनुभवी लोक म्हणतात कॉपरबँडला क्वारंटाईन नकोच, सरळ जुन्या दगडांच्या टँकमध्ये सोडा म्हणजे खायला लागतो. त्यांचं म्हणणं चूक नाही, पण त्याच्याबरोबर इच किंवा व्हेल्व्हेट (परजीवींमुळे होणारे रोग) आत गेला तर बाकीच्या सगळ्या माशांचं काय? मी मधला मार्ग काढतो, मेन टँकच्या सम्पमधला एक किड्यांनी भरलेला दगड क्वारंटाईनमध्ये ठेवतो. तो दगड असेपर्यंत कॉपरचं औषध टाकायचं नाही, दगड कॉपर शोषून घेतो, आणि एकदा इथे आलेला दगड परत सम्पमध्ये न्यायचा नाही.

पहिल्या दिवशी लाईट बंद आणि खायला काही नाही. दुसऱ्या दिवशी जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव). अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून २७-२८ डिग्रीला ठेवली की २४ तासांत फुटतात, पिल्लं फुटल्या फुटल्या द्या कारण तेव्हाच त्यांच्या अंगात पिवळा बलक असतो, मोठी आर्टेमिया म्हणजे नुसतं पाणी. एवढ्या बारीक पिल्लांनी त्याचं पोट भरणार नाही, पण हललेलं काहीतरी टिपायची सवय परत जागी होते.

तिसऱ्या दिवसापासून तिसऱ्या. शब्दाचा खेळ नाही हा, खरंच तिसऱ्या, कोकणातल्या जेवणातल्या. मच्छी मार्केटमध्ये मावशीकडे पहिल्यांदा गेलो आणि पाव किलो मागितल्या तर ती म्हणाली, "पाव किलोत काय होणार, घरात माणसं किती?" म्हटलं एक आहे, एवढासा. रोजचा झाल्यावर आता ती स्वतःच छोट्या छोट्या निवडून ठेवते. आणल्या की धुवायच्या आणि दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये, म्हणजे अंगातले परजीवी मरतात. (आमच्याकडे आई शाकाहारी, फ्रीझरमध्ये शिंपल्या बघून तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, मग ओएलएक्सवरून जुना छोटा फ्रीज घेतला. तुम्ही हा खर्च आधीच बजेटमध्ये धरा.) द्यायच्या आधी वितळवायची, सुरीने उघडायची, एक शिंपली काढून टाकायची आणि मांस असलेली अर्धी शिंपली तळाशी दगडाला टेकवून उभी करायची, त्यातलं पाणी पण आत जाऊ द्या, त्या वासानेच तो येतो. मग टँकसमोरून निघून जा. मोबाईल लावून ठेवा पण स्वतः उभे राहू नका.

माझ्या आत्ताच्या माशाने पहिली तिसरी पाचव्या दिवशी खाल्ली. आधी लांबून आला, एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं, पाठीचे काटे उभे केले जणू शिंपलीच त्याच्यावर चालून येणारे, आणि मग कडेच्या झालरीला एक चिमटा. ओढलं, तुटलं, मागे सरकला, थुंकलं. परत आला. दुसऱ्या वेळी गिळलं. टिपणं आणि गिळणं यात फरक आहे, टिपून थुंकलं तर ते खाणं नव्हे, घास मोजा. उरलेली शिंपली ३-४ तासांनी न विसरता काढा, छोट्या टँकमध्ये एक विसरलेली तिसरी रात्रीत अमोनिया चढवते. क्वारंटाईनमध्ये रोज अमोनिया टेस्ट आणि गरजेप्रमाणे २०-३० टक्के पाणी बदल.

मांसाची सवय लागली की फ्रोझनकडे वळवायचं. शिंपलीतलं मांस संपलं की तीच रिकामी शिंपली घ्या, त्यात तिसरीचा बारीक खिमा, मायसिस आणि थोडी माशाची गाभोळी कालवून दाबून बसवा आणि फ्रीझ करा. त्याला वाटतं शिंपलीच आहे. रोज खिम्यात मायसिस वाढवत न्या. मग तेच मिश्रण दगडाच्या भोकांत दाबा, किंवा पीव्हीसीच्या तुकड्याला ४ मिलीमीटरची भोकं पाडून त्यात भरा, चिमटा भोकात घालून ओढून काढणं हा त्याचा जन्माचा धंदा आहे, तो खूश. दोन-तीन आठवड्यांत तो पाण्यात सुटलेली मायसिस पण धरायला लागतो. नुसत्या तिसऱ्यांवर कायमचा ठेवू नका, बऱ्याच शिंपल्यांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं जे व्हिटॅमिन बी-१ मोडतं, म्हणून आलटून पालटून मायसिस, कोळंबीचा खिमा, गाभोळी, आणि आठवड्यातून दोनदा व्हिटॅमिनचे थेंब. पेलेट खाईल ही आशा ठेवू नका, खाल्ली तर बोनस.

दिवसाला तीन-चार वेळा थोडं थोडं. ऑफिसवाल्यांनी सकाळी एक, संध्याकाळी आल्यावर एक आणि लाईट बंद व्हायच्या तासभर आधी एक, मधल्या वेळात दगडातले किडे आहेतच.

औषधाचं म्हणाल तर माझा नियम असा, खायला लागेपर्यंत औषध नाही, जोपर्यंत समोर जीवघेणा रोग दिसत नाही तोपर्यंत. उपाशी माशाला कॉपर म्हणजे आगीतून फुफाट्यात. खायला लागला की प्राझिक्वांटेल मात्र सगळ्यांना द्या, बटरफ्लायवर फ्लूक (अंगाला चिकटणारे चपटे परजीवी किडे) फार असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत, नुसतं दगडाला अंग घासणं, एका कल्ल्याने श्वास घेणं एवढंच दिसतं. लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि ५ ते ७ दिवसांनी परत एकदा, कारण अंडी पहिल्या डोसने मरत नाहीत. औषध चालू असताना एअर स्टोन जोरात ठेवा, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो. इचचे मिठासारखे दाणे दिसले तर मी टँक ट्रान्सफर करतो, दर ७२ तासांना मासा धुवून वाळवलेल्या दुसऱ्या टबमध्ये, असे चार वेळा. इचचा किडा मासा सोडून तळाला जाऊन वाढतो, आपण त्याच्या आधी निघून जायचं. कॉपर न वापरता होतं, म्हणून बटरफ्लायला हा प्रकार मानवतो.

मेन टँकमध्ये

टँगच्या आधी बटरफ्लाय, हा क्रम चुकवू नका. आत आधीच यलो टँग राज्य करत असेल तर चपट्या अंगाचा नवा मासा बघून तो शेपटीचा काटा घेऊन धावतो. टँग आधीच असेल तर भोकांचा पारदर्शक ॲक्लिमेशन बॉक्स आत लटकवा, बटरफ्लाय त्यात ३ ते ५ दिवस, तिथेच खायला द्या, आणि टँगच्या बाजूला काचेबाहेर छोटा आरसा टेकवा, तो स्वतःशीच भांडत बसतो. डॉटीबॅक, ट्रिगर, मोठे डॅमसेल यांच्याबरोबर नको. भराभर खाणारे रास (wrasse) जातीचे मासे असतील तर त्यांना एका टोकाला पेलेट टाकून गुंतवा आणि दुसऱ्या टोकाला शिंपली. एका टँकमध्ये दोन कॉपरबँड नाही, भांडतात.

पहिल्या रात्री टॉर्च मारून बघितलं तर घाबरू नका. झोपलेल्या बटरफ्लायचा रंग उतरतो, अंगावर काळपट डाग येतात, सकाळी लाईट लागल्यावर अर्ध्या तासात परत ठीक. मला एकाने रात्री साडेअकराला याच कारणाने फोन केला होता. पंखाच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा पांढरा गोळा आला तर तो बहुतेक लिम्फोसिस्टिस, व्हायरस आहे, त्याला औषध नाही, चांगलं खाणं आणि शांत टँक मिळाला की आपोआप जातो.

आणि त्या खोलीत डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे काही नको. त्यातली बरीच औषधं पायरेथ्रॉइड गटातली, मासे आणि कोळंबीला अगदी थोड्यात घातक, आणि तुमचा एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. मखमलाबाद, पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षबागेजवळ राहत असाल तर फवारणीच्या सकाळी टँकच्या खोलीची खिडकी बंद ठेवा.

गणपतीत गावाला जायचं असेल तर शिंपल्या आधीच भरून बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक कप्पा एकेका दिवसाचा असं करून वर तारीख चिकटवा, आणि शेजाऱ्यांना सांगा की कप्पा एक, शिंपली एक, बास. आमच्या शेजारच्या काकूंना हे नीट समजावलं होतं, तरी परत आलो तर पाच दिवसांत ट्रे रिकामा आणि स्किमरचा कप तुडुंब भरून सम्पमध्ये सांडलेला. काकू म्हणाल्या, "अरे तो काचेपाशी येऊन बघत बसायचा रे माझ्याकडे."